कबड्डी सामने, 25-26 जानेवारी : खजिनदाराच्या वहीतून

24 नोव्हेंबर 2024, रविवार

काल विधानसभेचा निकाल लागला आणि आज मारुतीच्या ओट्यावर मंडळाची बैठक बसली. आचारसंहितेमुळे सव्वा महिना कुणी तोंड उघडत नव्हतं, ते सगळं आज बाहेर आलं. पुरुष खुला गट, 24 संघ, पहिलं बक्षीस 51 हजार. नाना अध्यक्ष. 51 चं कारण एकच, शेजारच्या गावानं मागच्या वर्षी 41 ठेवलं होतं.

खजिनदार म्हणून माझं नाव मी बाहेर चहा सांगायला गेलो तेव्हा ठरलं. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशोब लिहितो ना, मग हाही लिही.

तारीख 25-26 जानेवारी. तापीअलीकडचे सगळे येतील, पलीकडून अमळनेर-धरणगाव आणि अनेर ओलांडून शिरपूरकडचे संघ येतात. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आदिवासी पोरंही येतील. त्यांची पकड ज्यानं एकदा घोट्यावर घेतली तो दुसऱ्यांदा बोनसच्या जादा गुणासाठी पाय टाकत नाही.

1 डिसेंबर

बजेट लिहायला बसलो आणि चूक लगेच कळली. बैठकीत आपण बक्षिसापासून सुरुवात केली. बक्षीस हा एकच आकडा असा आहे की जो आपल्या हातात आहे, रात्रीतून अर्धा करता येतो. बाकीचे आकडे दिवसांवर आणि माणसांवर चालतात. म्हणून आधी दिवस मोजले.

बाद पद्धतीत 24 संघांचे 23 सामने, तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा धरून 24. आठ संघांना पुढे चाल, सोळा संघ पहिल्या फेरीत. सामना 20-5-20, म्हणजे 45 मिनिटं. प्रत्येक संघाला प्रत्येक डावात 30 सेकंदांचे दोन टाइम-आउट, म्हणजे जास्तीत जास्त आणखी चार मिनिटं. बरोबरी झाली की पाच-पाच चढाया. वर संघ मैदानात आणणं, हार, फोटो, पाहुण्यांची ओळख. सरळ तास धरला.

नानांचं म्हणणं तीन दिवस करू, शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटन. मी लिहून दाखवलं: दोन मैदानं केली तर शनिवारी दुपारी 1 ते रात्री 9 मध्ये सोळा सामने बसतात. रविवारी उरलेले आठ. शुक्रवार नको. शुक्रवार म्हणजे पंचांचं एक मानधन, मंडपाचं एक भाडं, जनरेटरची एक रात्र आणि तीनशेच्या वर ताटं.

सरांना (शाळेतले खेळाचे) साखळी पद्धत हवी होती. लांबून आलेला संघ पाऊण तासात हरून परत जातो, त्याला निदान दोन सामने मिळावेत. मुद्दा बरोबर आहे. तिघांचे आठ गट केले तर गटातच 24 सामने होतात आणि पुढचे आठ वेगळे. परवडत नाही. सर नाराज आहेत, आणि ते नाराज राहिले तरी चालतील असं मला वाटत नाही, कारण पंच तेच आणणार आहेत.

3 डिसेंबर

ताटं मोजली. एका संघाचे 12 खेळाडू, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक, म्हणजे 14. चोवीस संघांचे 336. एका मैदानाला सरपंच एक, पंच दोन, गुणलेखक एक, साहाय्यक गुणलेखक दोन. दोन मैदानांचे 12, बदलीला दोन, वर तांत्रिक प्रमुख, असे 15. आपली पोरं 40.

शनिवार दुपार 400. शनिवार रात्र 280, कारण दुसऱ्या फेरीत हरलेले आठ संघ जेवूनच निघतील. रविवार दुपार 170, रात्र 120. एकूण 970 ताटं. आचाऱ्यानं ताटाला 70 सांगितले. 67,900.

आबांना हे दाखवलं तर ते हसले. "बठ्ठा जेवतस, तू कसाले मोजस?" (सगळेच जेवतात, तू कशाला मोजतोस?) आबा म्हणजे गावाच्या जुन्या संघाचे कर्णधार. 970 चे 1,200 कसे होतात हे त्यांना माहीत आहे, पण सांगत नाहीत.

अवांतर: निमंत्रणाच्या मसुद्यात 'सरपंचांना मानधन 700 रु.' असं होतं. ग्रामपंचायतीच्या सरपंचांनी वाचलं आणि विचारलं, हे मला कसलं मानधन? सामन्याचे सरपंच वेगळे, हे समजावण्यात एक चहा गेला.

8 डिसेंबर, रविवार

पूर्ण अंदाजपत्रक बैठकीत वाचलं. बक्षिसं भांडून 51 वरून 31 वर आणली: 31, 21, 11 आणि 7, असे 70 हजार. उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड मिळून 4,200, चषक 9 हजार. पंचांचं मानधन आणि प्रवास 27 हजार. जेवण 68. मैदान 14. मंडप, खुर्च्या आणि लोखंडी गॅलरी 38. लाईट-जनरेटर 26. साउंड 12. औषधं आणि पाण्याचे जार 8, छपाई 9, परवानग्या-किरकोळ 3. बेरीज 2,88,200. त्यावर दहा टक्के आकस्मिक धरून 3,17,000.

आकस्मिक खर्च म्हणजे काय, असं एकानं विचारलं. म्हटलं, जो आत्ता माहीत नाही तो. तर म्हणे, माहीत नाही तर लिहिला कशाला?

प्रवेश फी हजार रुपये, 24 हजार इथून. बाकी वर्गणी. बैठकीतच यादी झाली, अर्ध्या तासात दोन लाखांच्या वर बोली. जिल्हा परिषदेवर 2022 पासून प्रशासक आहे, त्यामुळे इच्छुकांची गर्दी भरपूर. त्यातल्या एकाचा निरोप आला: एक लाख देतो, पण पहिलं बक्षीस 51 च ठेवा, त्यावर आणि कमानीवर माझं नाव. नानांचा चेहरा उजळला. झालं, 31 चे परत 51.

मी वहीत तीन रकाने आखले. बोलला. दिला. वस्तू. आणि नानांसमोर सांगितलं, खर्चाची सही मी 'दिला' बघून करणार.

13 डिसेंबर

मंडपवाला भेटत नाही. उद्या दत्तजयंती, सारंगखेड्याची यात्रा. अर्ध्या खान्देशाचे मंडप, पाळणे आणि जनरेटर तिकडे घोड्यांच्या बाजारात उभे आहेत. फोनवर म्हणाला, धुंदुरमासात या, तेव्हा आम्ही रिकामे असतो.

त्याच्या बोलण्यात मोठी गोष्ट आहे. संक्रांतीआधी लग्नं नसतात, मंडप स्वस्त. संक्रांतीनंतर तिथी सुरू, त्याच खुर्चीचा भाव चढतो. आपली तारीख नेमकी नंतरची. पण आधी घेतलं असतं तर लोकांकडे पैसा नव्हता. म्हणून तारीख तीच ठेवून इसार आत्ता द्यायचा, भाव आत्ताचा लिहून घ्यायचा. 3 हजार इसार दिला, पावती घेतली.

18 डिसेंबर

वर्गणीला फिरलो. बारा घरं, 4,300 रुपये. सगळीकडे एकच उत्तर, "कापूस इकाई जाऊ दे भाऊ, मंग देसू."

हे टाळणं नाही. यंदा लांब धाग्याचा हमीभाव 7,521 आहे. खेडा खरेदीत व्यापारी त्याच्या चार-पाचशे खाली मागतात. सरकारी केंद्रावर न्यावा तर ओलावा आठ टक्क्यांच्या आत हवा, वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला तर गाडी परत. म्हणून माणसं कापूस घरात भरून बसली आहेत. ओसरीत, खोलीत, एका घरात तर पलंगाच्या उंचीपर्यंत, त्यावरच पोरं झोपतात. मी रोज जिनिंगमध्ये बसून हेच बघतो, तरी वर्गणीच्या अंदाजात मी डिसेंबरचा पैसा धरला. चूक माझी.

'बोलला' 2,96,000. 'दिला' 61,500.

29 डिसेंबर, रविवार

दोन दिवस आभाळ होतं, दोन सरीही आल्या. कापूसवाले ताडपत्र्या घेऊन पळत होते, वर्गणीचं नाव काढायची सोय नव्हती.

आज बालेवाडीला प्रो कबड्डीची फायनल. पाटणा पायरेट्स विरुद्ध हरियाणा स्टीलर्स, हरियाणा 32-23. सगळं मंडळ एका घरात टीव्हीसमोर. सामना संपायच्या आत पोरांनी ठराव मांडला: आपणही मॅटवर खेळवू. 13 बाय 10 मीटरचं मैदान, मीटरभराचे तुकडे, एका मैदानाला 130 लागतात. दोन मैदानांचं भाडं-वाहतूक धरून 40 हजारांच्या पुढे.

मी 'नाही' म्हणायच्या आत आबा बोलले. "मॅट कसाले जोयजे?" मग नीट मराठीत सांगितलं. जानेवारीत रात्री आठनंतर दव पडतं. उघड्यावरचं मॅट दवानं ओलं झालं की पाय सरकतो, गुडघे जातात. टीव्हीवर छप्पर आहे, ते तुम्हाला दिसत नाही. माती दव पिऊन घेते.

पोरं गप्प. मी वहीत लिहिलं: मॅट रद्द, कारण दव. पैशाचं कारण लिहिलं असतं तर वाद रात्रभर चालला असता.

5 जानेवारी 2025

मैदानाचं काम लागलं. जागा शाळेची, काळी जमीन, आत्ताच भेगा धरते. यावर कुणी पडलं तर कातडं निघेल. वर पोयटा टाकायचा. मैदानाभोवती मीटरभर मोकळं धरलं तर 15 बाय 12, दोन मैदानांचे 360 चौरस मीटर, जाडी 10 सेंटिमीटर. 36 घनमीटर, म्हणजे 13 ब्रास. माती नानांच्या शेतातली, फुकट. भाडं ट्रॅक्टर आणि डिझेलचं. त्यात कुजलेलं शेणखत आणि सॉ मिलमधला भुसा चाळून मिसळायचा. नियमातही माती, खत आणि भुसा असंच आहे. पाणी मारून दोन दिवस झाकायचं, मग रोलर.

भुशातून खिळे निघाले. पोरांना चुंबक बांधून फिरवलं. दोन मुठी.

परवानग्या: ग्रामपंचायतीचं ना हरकत, शाळेचं पत्र, पोलीस ठाणं, ध्वनिक्षेपक, प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र. माईक रात्री 10 ला बंद म्हणजे बंद. म्हणून वेळापत्रकात 9 ची रेघ आहे, तो एक तास माझा आहे.

12 जानेवारी

'बोलला' 3,41,000. 'दिला' 1,46,000. प्रवेश फी पूर्ण आली, 24 हजार. हातात 1,70,000.

इच्छुकांचे एक लाख 'बोलला'त आहेत. दोनदा गेलो. पहिल्यांदा ते मुंबईला होते, दुसऱ्यांदा घरात होते पण मुंबईला आहेत असं सांगितलं. कमानीचं डिझाइन मात्र त्यांच्या माणसानं व्हॉट्सअपवर पाठवलं, त्यात फोटो आठ फुटांचा.

आज पत्रिका छापायला द्यायच्या होत्या. नाना म्हणाले, 51 छाप, ते देतील. मी म्हटलं, नाना, छापलेलं बक्षीस म्हणजे कर्ज आहे. जिंकलेला संघ रविवारी रात्री माईकसमोर उभा राहणार, तेव्हा तुम्ही द्याल का खिशातून? नाना दोन मिनिटं बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू माले शिकाडू नको," आणि उठून गेले.

संध्याकाळी परत आले. स्वतःची पाच हजारांची वर्गणी दहा केली आणि म्हणाले, 21 छाप.

14 जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन कापाकापीला बसलो. सगळे गोड बोलायच्या मनःस्थितीत होते, मुहूर्त चांगला.

बक्षिसं 21, 15, 9, 5, एकूण 50 हजार. लोखंडी गॅलरी रद्द, तीन बाजूंनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावायच्या. मंडप 38 वरून 21 वर आला. साउंड 8, छपाई 5, कमान नाहीच.

जेवणात 'वस्तू' रकाना कामी आला. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्याकडे धान्य आहे. दोन क्विंटल 40 किलो गहू, 60 किलो तूरडाळ, तेलाचे दोन डबे, आणि वांगी म्हणाल तितकी. शनिवारी दुपारी वरण-बट्टी, रात्री भरीत आणि पुऱ्या. भरताच्या वांग्यांचे हेच दिवस, आणि वांगी भाजायला पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) फुकट. रोख खर्च 68 वरून 31.

82 हजार उतरले. 2,06,200, आकस्मिकला 15 हजार धरून 2,21,200. आकस्मिक शून्य करू असं दोघं म्हणाले. त्यावर मात्र मी तिळगूळ खाली ठेवला.

19 जानेवारी

सामन्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक, भारत दोन्ही गटांत जिंकला, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. रात्री एकाचा फोन: पुढच्या वर्षी खो-खो घेऊ, मॅट लागत नाही. मॅटवरच खेळले बाबा ते.

सरांनी एक मागणी ठेवली, शाळेच्या मुलींचा प्रदर्शनीय सामना, 26 ला झेंडावंदनानंतर. 12 बाय 8 चं मैदान त्याच मैदानात आखायचं, 15-15 मिनिटांचे डाव. खर्च चुना आणि बिस्किटं. लगेच हो म्हटलं. साखळी पद्धतीचं उट्टं निघालं असेल तर बरं.

23 जानेवारी

कॅलेंडर बघून पोटात गोळा आला. 25 तारीख चौथा शनिवार, 26 रविवार. बँक दोन्ही दिवस बंद. बक्षिसं, पंच, डिझेल, सगळं रोखीचं. उद्याच पैसे काढायचे. हे मला पंधरा दिवसांआधी सुचायला हवं होतं.

24 जानेवारी

काढले. आज सकाळपर्यंत आणखी 38,500 जमा, एकूण 2,08,500. पाकिटं भरून नावं घातली. अंतिमच्या चार पाकिटांना सुतळी बांधून घरच्या कोठीत.

खेळाडूंच्या वजनाला जिनिंगमधला इलेक्ट्रॉनिक काटा मालकांनी दिला.

25 जानेवारी, शनिवार

रात्री साडेअकराला लिहितोय, थोडक्यात.

22 संघ आले. दोन आले नाहीत, फोनही नाही, पण फी आधीच घेतली होती. दोन सामने वाचले, तो वेळ नंतर कामी आला.

वजन 85 किलोच्या आत. एक गडी 85 किलो 600 भरला. शर्ट काढला, बूट काढले, मग ऊसतोडीला निघाल्यासारखा शाळेला अकरा फेऱ्या मारून आला. 84.950. काट्यावर रोज कापूस चढतो, एवढ्या टाळ्या त्याला कधी मिळाल्या नसतील.

साडेसहाला लाईट गेली. जनरेटर होता, पण तो मी दोन तासांसाठी धरला होता आणि लाईट आली ती सव्वानऊला. डिझेल दोनदा आणलं.

दुपारी कुपनं होती 400, जेवले 460 च्या आसपास. ट्रॉल्यांवर बसलेले आजूबाजूच्या गावांचे प्रेक्षक सरळ पंगतीत बसले. कुपन विचारायला पोरगा गेला तर आबांनीच हात धरला. बसलेल्याला उठवत नाहीत. बट्ट्या पुरल्या, वरणात पाणी गेलं. रात्रीचं भरीत मात्र असं जमलं होतं की मोजायचं मीही विसरलो.

शेवटचा सामना 9 वाजून 40 मिनिटांनी संपला. माईक बंद.

26 जानेवारी, रविवार

मुलींच्या सामन्याला काल रात्रीइतकीच गर्दी. बायका मैदानाच्या कडेला पहिल्यांदा बसल्या. माईकवर मुलींना बक्षिसं जाहीर झाली, शंभर, दोनशे, पाचशे. हे कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं.

उपांत्यपूर्वला धरणगावकडच्या एका पोराचा खांदा निखळला. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी हात बांधून दिला, खासगी गाडीनं तालुक्याला नेलं, एक्स-रे, बसवणं. 4,100. 'माहीत नाही तर लिहिला कशाला' म्हणणारा भाऊच गाडीत सोबत होता.

अंतिम सामना पायथ्याचा संघ विरुद्ध शिरपूरकडचा. मध्यंतरापर्यंत शिरपूर सात गुणांनी पुढे, मग शिरपूरवर दोन लोण चढले, म्हणजे अख्खा संघ दोनदा बाद झाला, आणि सातपुडा तीन गुणांनी जिंकला. 21 हजारांचं पाकीट कर्णधारानं तिथंच उघडून मोजलं. बरं वाटलं. मीही तेच केलं असतं.

2 फेब्रुवारी

हिशोब ओट्यावर वाचला. बक्षिसं-चषक 63,200. पंच 26,400. मैदान 15,300. मंडप 21,000. लाईट-जनरेटर 29,500. जेवण 38,700, कारण शनिवारनंतर रविवारी डाळ-तेल विकत आणलं. साउंड 8,000. औषधं-पाणी-दवाखाना 12,100. छपाई 5,000. किरकोळ 3,450. एकूण 2,22,650.

जमा: 2,08,500, चहा-वड्याच्या सहा गाड्यांचे 3,000, माईकवर मंडळासाठी जाहीर होऊन प्रत्यक्ष आलेले 6,200. एकूण 2,17,700. मुलींचे पैसे मुलींना दिले, ते यात नाहीत.

तूट 4,950. जनरेटरवाल्याचे तेवढे द्यायचे आहेत, तो थांबायला तयार आहे.

'बोलला' रकान्यात अजून मोठा आकडा पडून आहे. इच्छुकांचे लाख तिथंच. नाना म्हणाले, नाव वाचून दाखव. मी वाचलं नाही; ग्रामपंचायतीच्या फलकावर पूर्ण वही लावली, तिन्ही रकान्यांसह. ज्याला वाचायचं तो वाचेल.

पुढच्या वर्षासाठी सरांनी लिहायला लावलं: फी हजार, वर पाचशे अनामत, संघ आला की परत. जनरेटर पूर्ण वेळ धरायचा. ताटं मोजून येतील त्यात पाचवा हिस्सा मिळवायचा.

16 फेब्रुवारी, रविवार

सकाळी कोपऱ्यातल्या घरचे काका आले. डिसेंबरात 'मंग देसू' म्हणालेल्यांपैकी. कापूस केंद्रावर गेला, पैसे खात्यात पडले. पाच हजार टेबलावर ठेवले आणि पावती मागितली.

जनरेटरवाल्याला 4,950 दिले. शिल्लक 50.

पावतीपुस्तक संपलं होतं. नवं छापायला 280. म्हणजे तूट 230.